वाचकांचे प्रश्न: वेदना गावात आहे, तर गोळीही गावातच मिळायला हवी

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की घरात बरा न होणारा आजार असलेलं कोणी असेल आणि त्यांना सांभाळताना काही अडत असेल तर लिहा. डहाणूपासून खाली सावंतवाडीपर्यंत सगळीकडून पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आलेत, आणि बहुतेकांच्या लिहिण्यात एक वाक्य हमखास आहे, "डॉक्टर म्हणाले आता करण्यासारखं काही नाही, घरी घेऊन जा." हे वाचलं की मला राग येतो, सरळच सांगते. आजार बरा करण्यासारखं काही उरलं नसेल, पण दुखणं कमी करणं, धाप कमी करणं, जखमेचा वास घालवणं, रात्री झोप लागेल असं बघणं, घरच्यांना शिकवणं, हे सगळं उरलेलंच असतं की. हेच काम म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. नावं गाळून काही पत्रं खाली घेतलीत, थोडी कापून.

प्रश्न: ताई, मी वसईला कंपनीत आहे, आईबाबा गावी राजापूर तालुक्यात. बाबांना तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता परत आलाय आणि मानेला गाठ फुटून जखम झालीय. मुंबईत सांगितलं की आता केमो झेपणार नाही. बाबा रात्रभर बसून असतात, आडवं झालं की ठणकतं. गावातले डॉक्टर येऊन दुखण्याचं इंजेक्शन देतात, ते काही तास पुरतं. कोणीतरी मॉर्फिनचं, म्हणजे दुखण्यावरच्या कडक गोळीचं, नाव सांगितलं तर राजापूर, लांजा सगळीकडे मेडिकलवाले म्हणतात आम्ही ठेवत नाही, एक तर म्हणाला ती नशेची गोळी आहे, पोलिसांचं लफडं नको. आणि काका म्हणतात मॉर्फिन चालू केलं म्हणजे माणूस गेलाच समज. काय करू?

उत्तर: दादा, आधी बाबांसाठी काय करायचं ते बघू, मेडिकलवाल्यांचं नंतर.

तुम्ही वसईला आहात ही जमेची बाजू आहे. बाबांची फाइल ज्या हॉस्पिटलची आहे तिथेच आधी विचारा की पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी आहे का. नसेल तर परळला टाटा मेमोरियलमध्ये हा वेगळा विभागच आहे, तिथे फाइल, शेवटचे रिपोर्ट, जखमेचा फोटो आणि बाबांचं आधारकार्ड घेऊन जा आणि बाबांना प्रवास झेपत नाही हे पहिल्यांदाच सांगा. पुष्कळ ठिकाणी अशा पेशंटसाठी नातेवाईकाशी बोलून, पेशंटशी फोनवर बोलून औषध दिलं जातं. गावाजवळ म्हणाल तर डेरवणला वालावलकर हॉस्पिटलमध्ये कॅन्सरवर उपचार होतात, तिथे विचारा, रत्नागिरीच्या सिव्हिलला विचारा. विचारताना "दुखण्यावर काही आहे का" असं विचारू नका, कारण त्यावर तेच इंजेक्शन मिळेल. "तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी तुमच्याकडे आहे का आणि ती लिहून देणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात" असं विचारा.

आता काकांचं. काकांचा राग धरू नका, आपल्याकडे मॉर्फिन इतकं उशिरा मिळतं की लोकांनी ते शेवटच्या दोन-चार दिवसांतच बघितलेलं असतं, त्यामुळे गोळी आली आणि माणूस गेला असं डोक्यात बसतं. माणूस आजाराने जातो हो, गोळीने नाही. योग्य डोस असेल तर लोक महिनोन् महिने ही गोळी घेतात, अंगणात येऊन बसतात, नातवाशी बोलतात, जेवतात, कारण दुखणं थांबल्याशिवाय यातलं काहीच होत नाही. साधी गोळी साधारण चार तास काम करते म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते, दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. मधेच कळ आली तर काय द्यायचं तेही डॉक्टर लिहून देतात, ते लिहून घेतल्याशिवाय उठू नका. बाबांना गिळता येत नसेल तर साधी गोळी चुरून पाण्यात देता येते, नाकातली नळी असेल तर नळीतून पण जाते, फक्त हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी असेल तर ती चुरायची नाही.

पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येईल, मळमळेल, ते जातं. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, ते होणारच, म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, नसेल तर मागून घ्या. पोट साफ होत नाही म्हणून घरच्यांनी मॉर्फिन बंद केलं आणि माणूस परत तळमळायला लागला असं मी फार वेळा बघितलंय. आणि एकदम बंद कधीच करायचं नाही. व्यसनाची भीती असेल तर एवढंच, दुखण्यासाठी डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलं तर व्यसन लागणं फार क्वचित होतं. डोस वाढवावा लागतो तो बहुतेक वेळा आजार वाढलाय म्हणून. गावात देतात ते बहुधा डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन असेल, ते रोज रोज घेणं उलट किडनीला आणि पोटाला जास्त महाग पडतं. करंट मारल्यासारखं किंवा आग झाल्यासारखं दुखत असेल तर तेही सांगा, नसांच्या दुखण्यावर वेगळ्या गोळ्या असतात.

जखमेचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मला माहितीये घरात त्याचंच सगळ्यात जास्त ओझं असतं. वासामुळे बाबा स्वतःच कोणाजवळ बसत नसतील. तर आईला असं शिकवा. पाणी उकळून चिमूटभर मीठ घालून गार करायचं, आधीची पट्टी त्या पाण्याने पूर्ण भिजवून मगच काढायची, ओढायची नाही, ओढली की रक्त येतं. जखम त्याच पाण्याने धुवायची, घासायची नाही. मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची अगदी बारीक पूड करून जखमेवर पसरायची आणि वर गॉज. किती गोळ्या, दिवसातून किती वेळा हे नर्सला विचारा, पण ही साधी स्वस्त गोळी आहे आणि थोड्याच दिवसांत वासात फरक पडतो. पट्टी बदलायच्या अर्धा-एक तास आधी दुखण्याची गोळी द्यायची. माशा बसू देऊ नका, दिवसाही मच्छरदाणी लावा, आणि जखमेत अळ्या दिसल्या तर लाजून लपवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात कळवा, त्या काढता येतात. भरभरून लाल रक्त आलं तर गडद रंगाचा जाड टॉवेल दाबून धरायचा, तो टॉवेल उशाशी आत्ताच ठेवून द्या.

आता ते पोलिसांचं लफडं. मेडिकलवाला खोटं बोलला असं नाही, तो जुनी भीती बोलतोय. १९८५ साली एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला तो नशेच्या धंद्यासाठी, पण त्यात शिक्षा इतक्या कडक आणि लायसन्स इतकी वेगवेगळ्या खात्यांची की दवाखान्यांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ साली अख्ख्या देशात वर्षभराचा वापर जेमतेम १८ किलोवर आला होता. आणि हे कुठल्या देशात, तर जिथे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारच्या परवानगीने अफूची, म्हणजे ज्यापासून मॉर्फिन बनतं तिची, शेती होते आणि नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत! आपल्या शेतातल्या अफूने बाहेरच्या देशातल्या पेशंटचं दुखणं थांबतं आणि राजापूरला एक म्हातारा माणूस रात्रभर बसून काढतो, हे मला कधीच पचलेलं नाही. पण २०१४ साली कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरली, आणि आता पाच ठिकाणचे कागद लागत नाहीत, राज्याच्या औषध नियंत्रकाची म्हणजे आपल्याकडे एफडीएची एक मान्यता घेतली, ट्रेनिंग झालेला एक डॉक्टर नेमला, हिशोबाची वही नीट ठेवली, की हॉस्पिटल ही औषधं ठेवू शकतं. साध्या मेडिकलमध्ये मिळणार नाही हे खरं, पण तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात न मिळण्याला आता कायद्याचं कारण उरलेलं नाही. तुम्ही राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयाला एक साधा लेखी अर्ज द्या की आमच्या पेशंटला मॉर्फिन लागतंय, ते इथे कधीपासून मिळेल, आणि पोच घ्या. बाबांना त्या अर्जाचा लगेच उपयोग होणार नाही, पण असा अर्ज आजवर कोणी देत नाही म्हणून वरती "मागणी नाही" असं जातं.

प्रश्न: डॉक्टर, मी कुडाळ तालुक्यातून लिहितेय. सासूबाई ८१ वर्षांच्या, दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, आता किडन्या पण खराब झाल्यात. गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं तेव्हा डायलिसिस सांगितलं, तर सासूबाई म्हणतात "माका आता खय नेव नको, हयच र्‍हवांदे." मुंबईची नणंद म्हणते हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळतात तिथे, ठेवा. कोकणात हॉस्पिस कुठे आहे आणि ते कॅन्सर नसलेल्यांना घेतात का? माकडहाडावर जखम व्हायला लागलीय. मी एकटीच करते सगळं, मिस्टर दुकानात असतात, माझी कंबर गेलीय.

उत्तर: वहिनी, आपल्या पट्ट्यात दाखवण्यासारखं नाव जवळ नाही, हे आधीच सांगते म्हणजे शोधण्यात दिवस जाणार नाहीत. देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ चं, त्यांचीच एक शाखा गोव्यात लोटलीला आहे, तुम्हाला त्यातल्या त्यात तीच जवळ, पण ती शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटसाठी आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, तेही मुळात कॅन्सरसाठीच. म्हणजे बघा, किडनी गेलेली, पक्षाघाताने पडलेली, दम्याने फुफ्फुसं संपलेली, विसरभोळेपणाच्या आजाराने स्वतःचं घर न ओळखणारी जी माणसं आपल्या वाड्यावाड्यांत पडून आहेत त्यांच्यासाठी खाट कुठे, तर घरातच. पण पॅलिएटिव्ह केअर ही कॅन्सरपुरती नाही, सासूबाई त्यात पूर्ण बसतात.

त्यांना डायलिसिस नको असेल आणि त्या समजून-उमजून नको म्हणत असतील तर तो त्यांचा हक्क आहे, तुम्ही त्यांना मारताय असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. फक्त डॉक्टरांना स्पष्ट विचारा की डायलिसिस न करता खाज, मळमळ, सूज, धाप यावर काय देणार. डायलिसिस नको म्हटल्यावर बाकी औषधं पण बंद असं होत नसतं. दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका, किडनी खराब असताना बऱ्याच गोळ्या चालत नाहीत, मॉर्फिनसुद्धा जपून द्यावं लागतं.

जखमेसाठी, दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि ती हाताने ओढून नाही. जुनी जाड चादर चौपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली आडवी घालून ठेवा, वळवताना चादरीचं टोक आपल्याकडे ओढायचं, अंग आपोआप वळतं, तुमच्या कमरेवर येत नाही आणि त्यांची कातडी घासत नाही. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी. लाल झालेल्या जागी चोळू नका, तेलाने पण नाही. हवेची गादी घेणार असाल तर एक विचार करा, ती पंपावर चालते आणि पावसात आपल्याकडे लाइट किती वेळ जाते ते तुम्हाला मी सांगायला नको, लाइट गेली की गादी बसते. तेव्हा गादी असली तरी कूस बदलणं सोडायचं नाही. आणि मृगाच्या आधीच महिनाभराची औषधं, गॉज, डायपर, सगळं घरात आणून ठेवा, साकवावरून पाणी गेलं की कोण येणार नाही आणि कोण जाणार नाही.

आणि तुमचं काय? पत्रात तुमच्यासाठी शेवटची अर्धी ओळ आहे. नणंदेला हॉस्पिस शोधण्याऐवजी मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहायला सांगा, मिस्टरांना रात्रीची एक पाळी द्या, रोजची आंघोळ घालायला वाडीतली कोणी बाई पैसे देऊन मिळत असेल तर त्याचा खर्च नणंदेने करावा. हे मागायला संकोच वाटतो हे कळतं मला, पण तुम्ही पडलात तर सासूबाईंना बघणारं दुसरं कोणी नाही. झोप लागत नाही, सारखं रडू येतं असं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. उपकेंद्रातल्या सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी ताईंना घरी बोलवा, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून त्या मोबाइलवर डॉक्टरांशी बोलणं करून देऊ शकतात, सासूबाईंना रिक्षात घालून न्यायची गरज नाही.

प्रश्न: आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. आम्ही भावंडांनी तिला "पित्ताचा त्रास आहे" असं सांगितलंय. ती रोज विचारते मग बरं का वाटत नाही. सांगायचं का? (चिपळूण)

उत्तर: आईला बरंचसं कळलेलं असतं हो. घरात सगळे कुजबुजतात, मुंबईचे नातेवाईक गणपती नसताना भेटायला येतात, तिला समजत नाही का? तिला एकदम सगळं सांगा असं मी म्हणत नाही. तिलाच विचारा, "तुला काय वाटतं काय झालंय? तुला डॉक्टरांकडून सगळं ऐकायचंय का, की आम्ही बघून घेऊ?" ती म्हणाली तुम्हीच बघा, तर तिच्या मनाप्रमाणे थांबा. ती म्हणाली सांगा, तर सांगा, एका वेळी थोडं, आणि सांगून झालं की उठून जाऊ नका, बसा तिच्याजवळ. पुष्कळ बायकांना शेवटी काहीतरी करायचं असतं, कोणाला दागिने वाटायचे असतात, कोणाशी भांडण मिटवायचं असतं, माहेरच्या देवाला एकदा जायचं असतं, आणि आपण लपवत बसल्यामुळे त्या करू शकत नाहीत. आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं पोटातून पाठीत जाणारं दुखणं वाईट असतं, त्यासाठी वर राजापूरच्या दादांना लिहिलेलं तुम्हीही वाचा, पोटामागच्या नसांवर इंजेक्शन देऊन हे दुखणं कमी करता येतं, तेही मोठ्या हॉस्पिटलात विचारून घ्या.

एक आणखी, पॅलिएटिव्हवाल्यांकडे शेवटी जायचं असतं असं समजून थांबू नका. २०१० साली अमेरिकेत बॉस्टनला फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेला अभ्यास आहे, ज्यांना निदान झाल्या झाल्या नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा मिळाली त्यांचे दिवस तर चांगले गेलेच, शिवाय ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. केमो चालू असताना पण ही सेवा घेता येते.

प्रश्न: आजोबांनी खाणं जवळजवळ सोडलंय, दोन चमचे पेज घेतात. शेजारी म्हणतात सलाइन लावा, उपाशी मारताय का. (अलिबाग तालुका)

उत्तर: आजार शेवटाकडे गेला की भूक जाते, शरीराला अन्न नकोसं होतं, न खाल्ल्यामुळे माणूस जात नसतो, जायची वेळ आल्यामुळे खाणं सुटतं. अशा वेळी सलाइनने ताकद येत नाही, उलट ते पाणी पायात आणि छातीत साठून धाप वाढू शकते. अर्थात जुलाब-उलट्यांनी अचानक पाणी कमी झालं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. बाकी, मागतील तेव्हा मागतील ते द्या, शहाळ्याचं पाणी चमच्याने, सोलकढीचा घोट, काय आवडेल ते, डोकं उंच करून. झोपेत असताना तोंडात काही घालू नका. तोंड कोरडं पडतं ते मात्र सारखं बघा, ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून त्यात मऊ कापड बुडवून जीभ, गाल आतून पुसून घ्या आणि ओठांना खोबरेल लावा. शेजाऱ्यांना सांगा बसायला या.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे, गुहागरला आम्ही दोघेच असतो, मुलगा परदेशी. मला शेवटी व्हेंटिलेटरवर ठेवू नये असं वाटतं. लिव्हिंग विलचं, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याचं, ऐकलं होतं पण मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं म्हणतात.

उत्तर: गुरुजी, ते जुनं झालं. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला मान्यता दिली तेव्हा मॅजिस्ट्रेटसमोर सही लागायची, म्हणून कोणी करतच नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते सोपं केलं. आता तुम्ही लिहायचं, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, झालं. तुमच्या वतीने निर्णय कोण सांगेल त्या व्यक्तीचं नाव घालायचं, एकापेक्षा जास्त पण चालतात, मुलगा परदेशी आहे तर जवळचा एक पुतण्या-भाचा धरा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना, एक ज्यांचं नाव घातलंय त्यांना, आणि एक तुमच्या स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. नगरपंचायतीत गेलात आणि समोरच्याला हे काय ते माहीतच नसेल तर परत येऊ नका, प्रत देऊन आवक-जावकचा शिक्का घ्या.

वेळ येते तेव्हा हॉस्पिटलमधले तीन डॉक्टर बघतात, मग दुसरं तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, दोघांनीही शक्यतो ४८ तासांत सांगायचं असतं. हे सगळं फक्त बरं होण्याची आशा नाही आणि तुम्ही स्वतः बोलू शकत नाही अशा वेळी. तुम्ही शुद्धीत असाल तर तुमचा शब्दच चालतो, आणि विल कधीही रद्द करता येतं. इंजेक्शन देऊन मरण देणं यात बसत नाही, तो गैरसमज असतो लोकांचा. फक्त एक कळकळीने सांगते, "व्हेंटिलेटर नको" एवढंच लिहू नका, "दुखणं आणि धाप यावर पूर्ण उपचार हवेत" हे पण लिहा, नाहीतर कागद आहे म्हणून कोणी बघायलाच येत नाही असं व्हायला नको. आणि बाईंनाही स्वतःचं वेगळं करायला सांगा.

प्रश्न: मी दापोली तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे, आधी आशा म्हणून काम केलंय. आमच्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसं बरीच आहेत, तरुण सगळे मुंबईला, म्हातारी म्हाताऱ्याला बघते अशी स्थिती. ग्रामपंचायत काय करू शकते? निधी नाही असं ग्रामसेवक म्हणतात.

उत्तर: ताई, या पत्रासाठी मी बाकी पत्रं कापली, कारण वरच्या सगळ्यांची अडचण शेवटी तुमच्या टेबलावर येते.

केरळात हे कसं झालं ते आधी ऐका. १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटी ओपीडी चालू केली, मग लक्षात आलं की पेशंट ओपीडीला येऊच शकत नाहीत, म्हणून गावातल्याच लोकांना शिकवलं, रिक्षावाले, शिक्षक, कॉलेजची मुलं, घरच्या बायका. २००८ साली राज्याने धोरण केलं आणि ग्रामपंचायतींनी आपल्या पैशातून नर्स नेमल्या, त्या गाडी घेऊन घरोघर जातात, जखम धुतात, कॅथेटर बदलतात, औषध देतात. केरळ काही फार वेगळा मुलूख नाही, तीच लाल माती, तोच पाऊस, तशीच घरं विखुरलेली आणि तिथलेही तरुण बाहेरच कामाला. जे मलप्पुरमच्या पंचायतीला जमतं ते दापोलीला का जमू नये?

कागदावर आपल्याकडेही आहे. केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात उल्लेख आहे, आणि तुमच्या गावचं उपकेंद्र जर आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर तिथे ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या असतात त्यात वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे. म्हणजे आपण नवीन काही मागत नाही आहोत, जे द्यायचं ठरलंय ते मागतोय. महात्मा फुले योजना, आयुष्मान कार्ड यांचा भर अ‍ॅडमिट झाल्यावरच्या उपचारांवर आहे, घरी पडलेल्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही, म्हणून गावातली सेवा लागते. जगात दरवर्षी अंदाजे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मिळते ती १०० पैकी साधारण १४ जणांना. त्या उरलेल्यांमधले तुमच्या वाडीतले कोण, हे मात्र तुम्हीच सांगू शकता.

म्हणून पहिलं काम यादी. तुम्ही आशा होता, तुम्हाला घरं पाठ आहेत. अंथरुणाला कोण, आजार काय, दुखतं का, जखम आहे का, बघणारं कोण आणि त्यांचं वय काय. नावं बाहेर फोडायची नाहीत, पण आकडा हातात हवा, कारण "बरेच आहेत" म्हटलं तर कोणी लिहून घेत नाही आणि आकडा सांगितला तर घेतात. मग वैद्यकीय अधिकारी आणि सीएचओ यांच्याबरोबर बसा आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी घरभेटी मागा. सीएचओंना ट्रेनिंग झालंय का विचारा, नसेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र.

निधीचं म्हणाल तर सुरुवातीला फार लागत नाही. एक वॉटरबेड, एक फाउलर कॉट म्हणजे डोकं वर करता येणारी खाट, दोन व्हीलचेअर, कमोड खुर्ची, एवढं ग्रामपंचायतीत ठेवलं आणि गरजेप्रमाणे घरोघर फिरवलं तरी खूप होतं. यातलं निम्मं गावातच कोणाच्या तरी पडवीत धूळ खात असतं, आजोबा गेले आणि खाट राहिली, ते मागा, लोक आनंदाने देतात. मुंबईच्या मंडळाला गणपतीच्या वर्गणीसारखं या कामासाठी पत्र पाठवा, गावी आईवडील ठेवून गेलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. बाकी ग्राम आरोग्य समितीचा निधी बघा आणि "आमचा गाव आमचा विकास" आराखड्यात हे काम नावानिशी घाला, आराखड्यात नसलं की ग्रामसेवकांचं म्हणणं बरोबर ठरतं.

आणि ग्रामसभा. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा, दोनच मागण्या ठेवा, जास्त घातल्या की चर्चा भरकटते. एक, आपल्या आरोग्य केंद्राच्या नर्सची महिन्याला ठरलेली पॅलिएटिव्ह घरभेट. दोन, दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाने एफडीएची मान्यता घेऊन तोंडाने घ्यायचं मॉर्फिन कायम ठेवावं आणि तिथल्या एका डॉक्टरला ट्रेनिंगला पाठवावं, तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया असे कोर्स ऑनलाइन पण घेते, रजा काढून महिनाभर कुठे जावं लागत नाही. ठरावाच्या प्रती तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा परिषद सदस्य आणि आमदारांना. शेजारच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी हाच ठराव केला तर जिल्हा नियोजन समितीत विषय घेणं आमदारांना सोपं जातं, एकट्या गावाचं पत्र फायलीत राहतं. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार जागतिक हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिवस असतो, अधिकाऱ्यांना गावात बोलवायला ते निमित्त चांगलं आहे, पण त्यांना हॉलमध्ये बसवून भाषण करायला लावू नका, यादीतल्या दोन घरी चालत घेऊन जा.

ठरावाचा मसुदा मी तयार करून देते, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर संपादकांच्या पत्त्यावर मागणी पाठवा. आणखी कोणत्या ग्रामपंचायतींना हवा असेल त्यांनीही पाठवा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर कुठलीही, आणि ठराव झाला की त्याची प्रत आमच्याकडे येऊ द्या, पुढच्या अंकात गावांची यादी छापू आणि कोणत्या रुग्णालयाने काय उत्तर दिलं तेही छापू.